राशीला काय अडलं? नेखामा लायबोविट्झ यांच्या टपालवर्गाचं प्रकरण

जेरुसलेममधल्या एका साध्या घरात जवळपास तीस वर्षं टपालाने उत्तरं येत राहिली. परीक्षा नव्हती, गुण नव्हते, शेवटी प्रमाणपत्रही मिळणार नव्हतं. कुणी गोठ्यातलं काम आटपून लिहिलेलं असायचं, कुणी सैन्याच्या छावणीतून पाठवलेलं, कुणी गावातल्या शाळेत शिकवून घरी आल्यावर कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात खरडलेलं. घरातली बाई ती पानं वाचायची, लाल शाईने शेरे मारायची आणि परत पाठवायची. पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच.

ही बाई म्हणजे नेखामा लायबोविट्झ. ज्यू धर्मग्रंथ, म्हणजे तोरा आणि त्यावरच्या टीका (अर्थ उलगडणारी भाष्यं), शिकवणाऱ्या शिक्षकांमध्ये विसाव्या शतकात तिच्याइतका खोल ठसा उमटवणारी माणसं मोजकीच सापडतील. १९५६ मध्ये तिला शिक्षणासाठीचं इस्राएल पारितोषिक मिळालं, १९६८ मध्ये तेल अवीव विद्यापीठाने प्राध्यापकपद दिलं. पण तिला प्राध्यापक म्हटलेलं चालायचं नाही. विद्यार्थी तिला सरळ नावानेच हाक मारत. १९९७ मध्ये ती गेली तेव्हा तिच्याच इच्छेनुसार थडग्यावर नावाबरोबर एकच बिरुद कोरलं गेलं: 'मोरा'. कोशात याचा अर्थ शिक्षिका. पण मराठी शाळेत आपण वर्गाच्या दारातून "बाई, आत येऊ का?" म्हणतो ना, त्यातल्या 'बाई'ला तो जास्त जवळचा आहे. म्हणून इथून पुढे मी तिला बाईच म्हणणार आहे.

शिक्षकाचा प्रभाव टिकतो म्हणजे नेमकं काय टिकतं, हे मला या प्रकरणातून बघायचं आहे. व्यक्तिमत्त्व, तळमळ, विद्यार्थ्यांवरचं प्रेम वगैरे आपण शिक्षकदिनाच्या भाषणांतून भरपूर ऐकलेलं असतं. इथे हातात धरता येईल असा कागद आहे.

बाईंचा जन्म १९०५ चा, लाटव्हियातल्या रिगा शहरातला. १९१९ मध्ये कुटुंब बर्लिनला आलं. घरचं वातावरण धार्मिक आणि त्याच वेळी आधुनिक विद्येचं. धाकट्या-मोठ्या भावंडांना एकत्र बसवून प्रश्न विचारणारे वडील, आणि भाऊ येशायाहू, जो पुढे इस्राएलमधला सर्वांत भांडखोर तत्त्वज्ञ म्हणून गाजला. (दोघांची जातकुळी एक, पण स्वभाव बघा. १९९३ मध्ये त्यालाही इस्राएल पारितोषिक जाहीर झालं, त्याच्या वक्तव्यांवरून इतका गदारोळ झाला की त्याने ते घ्यायचंच नाकारलं. बहीण मात्र वर्गाबाहेरच्या वादात फारशी पडली नाही.) १९३० मध्ये मार्बुर्ग विद्यापीठातून बाईंनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता पंधराव्या-सोळाव्या शतकातली बायबलची ज्यू-जर्मन भाषांतरं, विशेषतः स्तोत्रांची. मूळ हिब्रू शब्दाला बोलीभाषेत काय प्रतिशब्द दिला, आणि तो देताना भाषांतरकार कुठे अडखळला, हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. पुढच्या सगळ्या कामाचं मूळ मला तिथे दिसतं.

जाता जाता: धर्मग्रंथ आपल्या बोलीत आणण्याचा हा खटाटोप आपल्याकडेही झालेला आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत, चित्रांसह, १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली होती. ज्यांना हिब्रू अक्षरं नुसती म्हणता येत होती, त्यांना अर्थ मराठीतून कळला. भाषांतर हीसुद्धा एक शिकवणीच असते.

डॉक्टरेट हातात पडली त्याच वर्षी बाई नवऱ्यासह पॅलेस्टाइनला गेल्या. तेव्हा तिथे ब्रिटिशांचा अंमल होता. जेरुसलेममधल्या धार्मिक शिक्षकांच्या अध्यापन विद्यालयात त्यांनी सुमारे २५ वर्षं शिकवलं.

पहिलं पत्रक

१९४२ साल. महायुद्ध ऐन भरात, जर्मन सेनापती रोमेलच्या फौजा इजिप्तच्या हद्दीत शिरलेल्या. धार्मिक किब्बुत्झांतल्या, म्हणजे ज्यूंच्या सामुदायिक शेती-वसाहतींतल्या, काही स्त्रिया जेरुसलेमला काही महिन्यांच्या अभ्यासवर्गासाठी आल्या होत्या. वर्ग संपला. परत जायचं म्हणजे पुन्हा शेत, गोठा, सामुदायिक स्वयंपाकघर आणि बालसंगोपन. त्यांनी बाईंना विनंती केली की शिकणं थांबू नये असं काहीतरी करा.

बाईंनी पत्रक काढलं. हिब्रूत त्याला 'गिलायोन' म्हणतात, म्हणजे नुसता छापील ताव. ज्यू परंपरेत तोरा वर्षभरात वाचून संपवतात, दर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यातला एकेक पाठ. त्या आठवड्याच्या पाठातला एक तुकडा घ्यायचा, त्याखाली दोन-तीन टीकाकारांचे उतारे द्यायचे, आणि मग प्रश्न. सोपे प्रश्न मोकळे, अवघड प्रश्नाशेजारी एक फुली, फारच अवघड असेल तर दोन फुल्या. स्टेन्सिल कापून काढलेल्या पहिल्या प्रती पन्नासच्या आसपास होत्या. पण किब्बुत्झातल्या एकीने शेजारणीला दाखवलं, शेजारणीने भावाला, आणि मागणी हजारांवर गेली. १९७१ पर्यंत हे चाललं.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक, पत्रकात उत्तरसूची नव्हती. शिक्षकांनी मागितली असणारच. आपल्याकडच्या कोणत्याही शिक्षकाला विचारा, गाईड कुठे मिळेल हा पहिला प्रश्न असतो. बाईंनी ती पत्रकात घातली नाही. दोन, आलेलं प्रत्येक उत्तर बाई स्वतः वाचायच्या. तीस वर्षांत तपासलेल्या पानांची संख्या ४०,००० च्या घरात होती, असा त्यांचा स्वतःचाच अंदाज सांगितला जातो. ज्यांनी कधी ६० वह्यांचा गठ्ठा घरी आणून रविवार घालवला आहे, त्यांना या आकड्याचं वजन वेगळं सांगायला नको.

प्रश्नाची घडण

बाईंचा गाजलेला प्रश्न म्हणजे "मा काशे लेराशी?" राशीला काय अडलं? या राशीचा आपल्या राशीभविष्याशी काही संबंध नाही. रब्बी (ज्यू धर्मपंडित) श्लोमो यित्झाकी या नावाच्या आद्याक्षरांपासून झालेलं हे नाव. १०४० ते ११०५ हा त्याचा काळ, फ्रान्समधलं त्र्वा हे गाव. तोरावरची त्याची टीका इतकी सर्वमान्य की ज्यू मुलं मूळ ग्रंथाबरोबरच ती शिकतात. भाषा नेमकी, एक शब्द जास्तीचा नाही.

पाठांतराच्या परंपरेत मुलाला विचारतात, "राशी काय म्हणतो?" मूल सांगून मोकळं होतं. बाईंचा प्रश्न एक पायरी खालचा होता. राशी इथे बोललाच का? आधीच्या पाच ओळींवर तो गप्प आहे, मग याच ओळीवर त्याला तोंड का उघडावंसं वाटलं? मुळात काहीतरी खटकलं असणार: एखादा जास्तीचा शब्द, उलटापालटा क्रम, व्याकरणात न बसणारं रूप. ते शोधायचं असेल तर आधी मूळ ओळ इतक्या बारकाईने वाचावी लागते की राशीला जे खटकलं ते आपल्यालाही खटकेल. म्हणजे प्रश्न विचारायचा टीकाकाराविषयी आणि वाचायला लावायचं मूळ. ही युक्ती मला फार आवडते.

एक उदाहरण जवळून बघू. उत्पत्ती या तोरातल्या पहिल्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम आपल्या सेवकाला मुलासाठी, इसहाकासाठी, बायको शोधायला पाठवतो. सेवक दहा उंट घेऊन निघतो, विहिरीवर थांबतो, रिबका येते, त्याला पाणी देते, उंटांनाही पाजते. सेवक तिला सोन्याची नथ आणि दोन कडी देतो आणि मग विचारतो, "तू कोणाची मुलगी?" पुढे तिच्या घरी जेवायला बसण्याआधी सेवक ही सगळी हकिकत पुन्हा सांगतो. चांगली पंधरा ओळींची लांबलचक पुनरुक्ती. वरवर वाचणारा म्हणेल, जुन्या ग्रंथांत असं असतंच, आपल्या पोथ्यांतही असतं, एकच गोष्ट तीनदा.

बाई म्हणणार, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि फरक लिहा. विद्यार्थ्याला मग दिसू लागतं. अब्राहामाने सांगितलं होतं, "माझ्या देशात, माझ्या जन्मभूमीत जा." सेवक सांगताना म्हणतो, "माझ्या बापाच्या घरी, माझ्या कुळात जा." घडलं तेव्हा दागिने आधी दिले, नाव-गाव नंतर विचारलं. सांगताना क्रम उलटा: आधी विचारलं, मग दागिने घातले. इथे राशी बोलतो: सेवकाने क्रम बदलला, कारण घरचे त्याला बोलण्यात पकडतील, "ही कोण हे माहीत नसताना दागिने कसे दिलेस?"

आता पुनरुक्ती उरली नाही. सोयरीक जमवायला आलेला, समोरच्या माणसांचा अंदाज घेत शब्द तोलणारा एक धूर्त आणि निष्ठावान माणूस उभा राहिला. बापाचं घर, कूळ हे शब्द त्याने का पेरले, हे मुलगी बघायला गेलेल्या कुठल्याही मराठी मामाला न सांगता कळेल. आणि हे बाईंनी सांगितलेलं नाही. दोन परिच्छेद शेजारी ठेवून, पेन्सिलीने रेघा मारून ते विद्यार्थ्याने स्वतः हुडकलेलं आहे. एकदा असं सापडलं की पुढे कोणतीही पुनरुक्ती दिसली तरी हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

दुसरं उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात बाईंचा स्वतःचा पिंड दिसतो. निर्गम या तोरातल्या दुसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीला इजिप्तचा राजा फारो इब्री सुइणींना हुकूम देतो की मुलगा जन्मला तर मारा. शिफ्रा आणि पुआ मारत नाहीत. "त्यांनी देवाचं भय धरलं". पण 'इब्री सुइणी' म्हणजे इब्री (हिब्रू) जातीच्या सुइणी, की इब्री बायकांचं बाळंतपण करणाऱ्या मिसरी (इजिप्तच्या) सुइणी? मराठीतही हा शब्दप्रयोग तसाच दुहेरी राहतो, गंमत आहे. राशी परंपरेला धरून त्यांना इब्री मानतो. पंधराव्या शतकातला टीकाकार अबार्बानेल म्हणतो, त्या मिसरी होत्या. बाईंचा कल या दुसऱ्या मताकडे होता. मग त्या 'देवाचं भय' हा शब्द जिथे जिथे आला आहे ती ठिकाणं समोर मांडतात: परक्या गरार गावात बायकोपायी आपला जीव जाईल म्हणून घाबरलेला अब्राहाम, परदेशात अधिकारपदावर बसलेला योसेफ, वाटेत मागे राहिलेल्या दमलेल्यांवर हल्ला करणारे अमालेकी टोळीवाले. प्रत्येक ठिकाणी एक बलवान असतो आणि एक परका किंवा दुबळा. देवाचं भय आहे की नाही याची कसोटी तिथे लागते. १९४० च्या दशकातल्या जेरुसलेममध्ये, आणि नंतर स्वतःचं राज्य मिळालेल्या समाजात, हे वाचन निरुपद्रवी नव्हतं. बाईंनी त्यावरून भाषण केलं नाही. ओळी शेजारी शेजारी ठेवल्या, बस्स.

वर्गात

टपालवर्ग आणि प्रत्यक्ष वर्ग यांत बाईंनी फारसा फरक ठेवला नाही. प्रश्न विचारला की सगळ्यांनी वहीत उत्तर लिहायचं, तेही एका ओळीत, कधी एका शब्दात. बाई बाकांमधून फिरत, प्रत्येक वहीत डोकावत, बरोबर, चूक, पुन्हा बघ. हुशार मुलाने हात वर करून उत्तर ठोकून दिलं आणि बाकीचे सुटले, असं तिथे व्हायचं नाही. मागच्या बाकावरचा बुजरा मुलगा आणि पुढचा पंडित दोघांनाही आपापलं उत्तर कागदावर टाकावंच लागे. डोक्यावर बेरे टोपी, अंगात साधेच कपडे, बोलणं मिश्किल. वर्गात येणाऱ्यांमध्ये रब्बी असत, सैनिक असत, परदेशातून एक वर्षासाठी आलेले तरुण असत.

कर्मठ ज्यू समाजात पुरुषांना तोरा शिकवणं हे रब्बींचं काम. बाई स्वतः परंपरा काटेकोर पाळणाऱ्या. स्त्रीमुक्तीचा झेंडा त्यांनी कधी खांद्यावर घेतला नाही. तसं कुणी म्हटलेलं त्यांना आवडायचंही नाही. आज ज्यू स्त्रियांच्या धर्मशिक्षणाच्या चळवळीत त्यांचं नाव अग्रक्रमाने घेतलं जातं. मला वाटतं, घोषणा न करता तीस वर्षं नुसतं शिकवत राहिल्यामुळे त्यांना कोंडीत पकडणं अवघड झालं. प्रश्नच इतका चांगला असला की तो कुणी विचारला हे विसरायला होतं.

आणखी एक धाडस होतं. मध्ययुगीन टीकाकारांबरोबर त्या बेनो याकोब, कास्सुतो, मार्टिन बुबर या विसाव्या शतकातल्या अभ्यासकांचे उतारे बिनदिक्कत देत. यातले काही कर्मठ चौकटीत बसणारे नव्हते, त्यावरून कुरकुरही झाली. मूळ ओळ उलगडत असेल तर कुणाचंही घ्यावं, एवढा त्यांचा हिशेब होता.

काय टिकलं, काय नाही

बाईंच्या पद्धतीवर पुढच्या पिढीतून आक्षेप आले, आणि ते हलके नाहीत. अकराव्या शतकातला राशी, तेराव्यातला रामबान, पंधराव्यातला अबार्बानेल, एकोणिसाव्यातला मालबिम हे सगळे टीकाकार बाईंच्या पत्रकात एका पंगतीला बसतात. गीतेवर ज्ञानदेव, वामन पंडित आणि टिळक एकाच दुपारी एकाच ओट्यावर गप्पा मारताहेत असं दाखवावं, तसं. टिळकांना तुरुंग होता, ज्ञानदेवांना आळंदी होती, हे त्यात हरवतं. राशीच्या टीकेमागे त्याचा काळ होता, धर्मयुद्धांची (क्रुसेडची) सुरुवात होती, शेजारच्या ख्रिस्ती पंडितांशी वाद होते. पत्रकात याला जागा कमी. भूगोल, उत्खनन, शेजारच्या संस्कृतींचं वाङ्मय हेही बाहेरच. नंतरच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हातात नकाशा देऊन डोंगरावर नेलं, ते या उणिवेतूनच. मला हा आक्षेप पटतो. पण असंही वाटतं की पन्नास फुटकळ गोष्टी एका पत्रकात कोंबल्या असत्या तर गोठ्यातल्या त्या बाईने ते दुसऱ्या आठवड्यालाच बाजूला ठेवलं असतं.

दुसरी हानी अनुकरणातून झाली. "राशीला काय अडलं?" हा प्रश्न इतका यशस्वी ठरला की तो साचा झाला. शाळेत, परीक्षेत, मार्गदर्शकांत तो ठोकळ्यासारखा येऊ लागला, आणि मुलं अडचणही पाठ करू लागली. ज्या पाठांतराविरुद्ध तो उभा राहिला होता, त्याच्याच रांगेत जाऊन बसला. याचं कारण उघड आहे. प्रश्न उचलणं फुकट होतं. लाल शाई उचलायला दर आठवड्याला रात्री जागाव्या लागल्या असत्या. माझं स्पष्ट मत, या प्रकरणाचा जीव लाल शाईत होता. प्रश्न हे आमंत्रण. पण आपण लिहिलेलं कुणीतरी अक्षर न अक्षर वाचणार आहे, तिसऱ्या ओळीतली चलाखी पकडणार आहे, या खात्रीमुळे माणूस मूळ पुन्हा उघडतो. बाईंना कधीही न भेटलेली माणसं वर्षानुवर्षं स्वतःला त्यांची विद्यार्थी म्हणत आली, ती या परत आलेल्या पानांमुळे.

अर्थात हे वाढवता येण्याजोगं नव्हतं. १९७१ मध्ये नवी पत्रकं थांबली. त्याआधीपासूनच ज्यू एजन्सी या संस्थेमार्फत पाठांवरच्या पुस्तिका निघत होत्या, रेडिओवर व्याख्यानं होत होती, मग त्यांचे अभ्यासखंड आले, इंग्रजीसह इतर भाषांत गेले. जगभर नाव झालं ते या खंडांमुळे. पण खंडांत प्रश्नांबरोबर विवेचनही आहे, बाईंच्या हातची उत्तरं आहेत. ते वाचताना माणूस डोलतो. पत्रक समोर असताना मात्र तो लिहितो.

बाईंना मूल नव्हतं. नवरा वयाने बराच मोठा, उतारवयात दृष्टी गेलेला. त्याची सेवा करत, रात्री पाकिटं फोडत, त्या नव्वदीपर्यंत शिकवत राहिल्या. जुनी पत्रकं आता संगणकावर बसून कुणालाही उघडता येतात. फुल्या जशाच्या तशा आहेत. पत्रकांत उत्तरसूची अजूनही नाही.

सेवकाच्या गोष्टीतली एक जागा मी मुद्दाम मागे ठेवली होती. निघण्याआधी सेवक अब्राहामाला विचारतो, "कदाचित ती बाई माझ्याबरोबर यायला तयार झाली नाही तर?" रिबकेच्या घरी हकिकत सांगताना हेच वाक्य तो पुन्हा उच्चारतो. 'कदाचित'ला हिब्रूत 'उलाय' म्हणतात. पहिल्या वेळी तो शब्द पूर्ण लिहिलेला आहे. दुसऱ्या वेळी त्यातलं वाव हे अक्षर गळलं आहे, त्यामुळे तो 'एलाय', म्हणजे 'माझ्याकडे', असाही वाचता येतो. राशी इथे सांगतो की सेवकाला स्वतःची एक लेक होती, आणि अब्राहामाने सोयरीक आपल्याकडेच वळवावी असं त्याच्या मनात होतं.

आता बाईंच्या पद्धतीने, शेजारी दोन फुल्या मारून: मनातली ही इच्छा बोलून दाखवायची संधी सेवकाला पहिल्या वेळी होती, अब्राहाम समोर होता. मग अक्षर तिथे न गळता, सगळं ठरून गेल्यावर, परक्याच्या घरी का गळलं? उत्तर एका ओळीत लिहावं.